उशिरा आलेला विद्यार्थी

१९३९ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात जर्झी नेमन नावाचे संख्याशास्त्राचे मोठे प्राध्यापक शिकवत असत. एके दिवशी त्यांचा एक विद्यार्थी तासाला उशिरा पोहोचला. फळ्यावर दोन गणिते लिहिलेली होती. उशिरा आलेला विद्यार्थी जे करतो तेच त्याने केले. हा गृहपाठ असणार असे समजून ती गणिते मुकाट्याने वहीत उतरवून घेतली. घरी बसून सोडवताना ती नेहमीपेक्षा जरा अवघड वाटली, वेळ अधिक लागला. काही दिवसांनी त्याने सरांची क्षमा मागून विचारले, की हा गृहपाठ अजून हवा आहे का? सरांनी कागदांनी ओसंडून वाहणाऱ्या टेबलाकडे बोट दाखवून, तिथे टाकून दे, असे सांगितले. त्या ढिगात आपला कागद कायमचा हरवणार असे मनाशी म्हणत मुलगा परतला.

सुमारे सहा आठवड्यांनी रविवारी सकाळी आठाच्या सुमारास त्याच्या घराचे दार कुणीतरी जोरजोरात ठोठावू लागले. दारात खुद्द नेमनसर उभे! त्यांच्या हातात तेच कागद होते आणि त्यांतल्या एका गणिताला प्रस्तावना लिहून ते प्रसिद्धीसाठी पाठवायला ते निघाले होते. फळ्यावर होता तो गृहपाठ नव्हताच. संख्याशास्त्रातले ते दोन न सुटलेले प्रश्न होते. वर्षभराने प्रबंधाला विषय कोणता घ्यावा या काळजीत तो पडला, तेव्हा सरांनी खांदे उडवून सांगितले, की ती दोन गणितेच एका फाइलीत बांधून आणून दे.

त्या विद्यार्थ्याचे नाव जॉर्ज बर्नार्ड डँट्झिग. ही गोष्ट पुढे अमेरिकेतल्या चर्चमधल्या प्रवचनांत गेली, सांगता सांगता फुगली आणि १९९७ साली 'गुड विल हंटिंग' या चित्रपटातल्या फळ्यावरच्या गणिताच्या प्रसंगालाही तिचा आधार मिळाला, असे मानतात. गोष्ट जगाला ठाऊक झाली, माणूस मात्र फारसा ठाऊक झाला नाही. आज विमान कंपनी वैमानिकांच्या पाळ्या लावते, तेलशुद्धीकरण कारखाना कोणते तेल किती मिसळायचे ते ठरवतो, फंड व्यवस्थापक लोकांचे पैसे कोठे किती गुंतवायचे ते ठरवतो, तेव्हा या सगळ्यांच्या मागे या माणसाचे गणित असते.

नावात काय आहे?

वडील टोबायस आणि आई आन्या ही दोघे पॅरिसमध्ये गणित शिकली. टोबायस तर आंरी प्वँकारे यांच्यासारख्या दिग्गजाचे विद्यार्थी. लग्नानंतर दोघे १९१० साली अमेरिकेला आली. आपले इंग्रजी उच्चार इतके परके आहेत, की आपल्याला कुणी शिकवायला घेणार नाही, अशी टोबायस यांची समजूत झाली. मग या गणितज्ञाने ओरेगॉन राज्यात लाकूडतोड केली, रस्त्यांवर काम केले, घरे रंगवली. तिथेच पोर्टलँड गावी ८ नोव्हेंबर १९१४ रोजी जॉर्जचा जन्म झाला. पुढे टोबायस प्राध्यापक झाले आणि १९३० साली त्यांनी संख्यांच्या इतिहासावर लिहिलेले पुस्तक गाजले.

आईवडिलांनी मुलांची नावे मोठ्या आशेने ठेवली होती. थोरल्याने लेखक व्हावे म्हणून जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्यावरून त्याचे नाव ठेवले. धाकट्याने गणितज्ञ व्हावे म्हणून प्वँकारे यांच्यावरून आंरी. झाले असे, की दोघेही गणितातच गेले. तेही सहजासहजी नाही. शाळेत बीजगणित सुरू झाले तेव्हा जॉर्जला वाईट गुण पडले होते. स्वतःवरच चिडून त्याने मग अभ्यास केला आणि भूमितीची गोडी लागल्यावर वडील त्याला गणितांमागून गणिते घालू लागले. शाळा संपेपर्यंत त्यांची संख्या हजारांत गेली. आपल्याला वडिलांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच, असे जॉर्ज पुढे मानत असत.

१९३६ साली मेरीलँड विद्यापीठाची पदवी आणि त्याच वर्षी अ‍ॅन हिच्याशी लग्न. मग सरकारी कामगार आकडेवारी खात्यात दोन वर्षे नोकरी आणि तिथून नेमनसरांकडे बर्कलेला. १९४१ साली शिक्षण अर्धवट सोडून ते हवाई दलाच्या मुख्यालयात हिशेब करायला गेले. युद्ध चालवायचे म्हणजे विमाने, वैमानिक, पेट्रोल, सुटे भाग, प्रशिक्षण या सगळ्यांचा मेळ घालायचा. त्या वेळापत्रकाला लष्करी भाषेत 'प्रोग्रॅम' म्हणत. ते सगळे हाताने आणि अनुभवी माणसांच्या अंदाजाने चाले.

युद्ध संपल्यावर १९४६ साली डॉक्टरेट पूर्ण झाली आणि बर्कलेने नोकरी देऊ केली. पगार वर्षाला अवघा १,४०० डॉलर. संसाराला तो पुरेना. म्हणून डँट्झिग पुन्हा हवाई दलात सल्लागार म्हणून गेले. तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांना अडवून धरण्यासाठी एक आव्हान टाकले, की हे नियोजन यंत्रावर करता येईल अशी काही रीत शोधून दाखवा. पगार थोडा बरा असता तर हे गणित त्यांच्या हातून झाले असते की नाही, कोण जाणे!

सत्तर माणसे, सत्तर शाखा

अडचण काय होती ते आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. सत्तर अधिकारी आहेत आणि सत्तर शाखा. कोणाला कोठे नेमले म्हणजे एकूण काम उत्तम होईल? एकेक वाटणी तपासून पाहावी म्हटले, तर एकूण वाटण्यांचा आकडा १०१ अंकी निघतो. विश्वाच्या आरंभापासून मोजत बसले तरी मोजणी संपायची नाही. प्रत्यक्षात काय होते? वरिष्ठ माणूस अनुभवाने, ओळखीने, कधी रागालोभाने नेमणुका करतो आणि त्यालाच धोरण म्हणतात. 'उत्तम' म्हणजे नेमके काय, हे कागदावर लिहायची पद्धतच नव्हती. डँट्झिग यांनी प्रथम ते लिहायला लावले. काय वाढवायचे किंवा वाचवायचे आहे ते एका ओळीत मांडा. आपल्यावर कोणती बंधने आहेत ती बाकीच्या ओळींत मांडा.

अशी बंधने आलेखावर काढली, की सरळ रेषांनी वेढलेला एक तुकडा तयार होतो. सर्वोत्तम उत्तर त्या तुकड्याच्या कोणत्या तरी कोपऱ्यावर सापडते. १९४७ च्या उन्हाळ्यात डँट्झिग यांनी रीत शोधली ती अशी: एका कोपऱ्यावर उभे राहा, ज्या कडेने गेल्यास फायदा वाढतो त्या कडेने पुढच्या कोपऱ्यावर जा आणि फायदा वाढायचा थांबला की तिथेच थांबा. हीच सिम्प्लेक्स पद्धत. इतक्या साध्या रीतीने काम होईल यावर आरंभी त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. ३ ऑक्टोबर १९४७ रोजी ते प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांना भेटले. प्रश्न ऐकून फॉन नॉयमन यांनी तिथल्या तिथे दीड तास त्याच विषयावर व्याख्यान दिले, कारण खेळांच्या गणितातून ते जवळच्याच जागी पोहोचले होते.

पहिली मोठी परीक्षा झाली ती जेवणाच्या ताटावर. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषकद्रव्ये घेऊन एका माणसाच्या वर्षभराच्या स्वस्तात स्वस्त पोषक आहाराचा खर्च, १९३९ च्या भावाने, ३९.९३ डॉलर असा अंदाजाने काढला होता. सिम्प्लेक्स पद्धतीने तोच हिशेब हाताने फिरवायच्या यंत्रांवर केला. नऊ कारकुनांचे मिळून १२० दिवसांचे काम! उत्तर आले ३९.६९ डॉलर. अंदाज फक्त २४ सेंटांनी चुकला होता. स्टिग्लर यांच्या हुशारीचे कौतुक वाटते. पण याहून स्वस्त आहार नाहीच, हे आता पहिल्यांदा खात्रीने सांगता येत होते.

पुढे वजन कमी करा असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा डँट्झिग यांनी स्वतःचा आहार कॉम्प्युटरकडून ठरवून घ्यायचे ठरवले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून पाणी वगळता अन्नाचे वजन जास्तीत जास्त असावे, अशी अट घातली. कॉम्प्युटरने पहिल्या दिवशी काय सुचवावे? इतर पदार्थांबरोबर पाचशे गॅलन व्हिनेगर! तक्त्यात व्हिनेगरमध्ये पाणी नाही असे धरले गेले होते. व्हिनेगर वगळल्यावर सूपच्या दोनशे वड्या आल्या. त्यांतल्या चारच वड्या गरम पाण्यात घालून त्यांनी चव घेतली, तर ते निव्वळ मीठपाणी. वड्यांवर मर्यादा घातली तर दोन पौंड कोंडा, कोंड्यावर मर्यादा घातली तर दोन पौंड काकवी. शेवटी अ‍ॅनबाईंनी कारभार हातात घेतला आणि नवऱ्याचे वजन २२ पौंडांनी उतरवले. हा किस्सा डँट्झिग स्वतःच रंगवून सांगत. पण त्यात एक धडा आहे. घरातल्या बाईला जी बंधने न सांगता कळतात, ती यंत्राला एकेक करून सांगावी लागतात. नको असलेले उत्तर आले, की चिडायचे नाही. ते उत्तर बाद होईल अशी आणखी एक अट लिहायची. हाच धडा त्यांना पुढे फार मोठ्या कामात उपयोगी पडला.

अडीच कपाटांचे काय करायचे?

सिम्प्लेक्स पद्धतीला एक खोड आहे. ती अपूर्णांकात उत्तर देते. साखर अडीच किलो चालते, कारकून अडीच चालत नाहीत. एक सुतार घेऊ. त्याच्याकडे पाच दिवस आणि अठरा फळ्या आहेत. टेबलाला एक दिवस आणि दोन फळ्या लागतात, कपाटाला एक दिवस आणि पाच फळ्या. टेबलामागे तीनशे रुपये सुटतात, कपाटामागे पाचशे. सिम्प्लेक्स सांगते, की सव्वादोनच्या थोडी वर टेबले करा आणि पावणेतीनच्या थोडी खाली कपाटे. जवळचा पूर्णांक घ्यावा तर दोन टेबले आणि तीन कपाटे होतात. पण त्याला एकोणीस फळ्या लागतात. कपाट कमी करून दोन-दोन करावे, तर सोळाशेच रुपये मिळतात आणि एक दिवस रिकामा जातो.

आता दोन्ही अटींची बेरीज करा. तीनपट टेबले अधिक सहापट कपाटे ही तेविसाच्या वर जात नाहीत. तिनाने भागा. टेबले अधिक दुप्पट कपाटे ही सात पूर्णांक दोन तृतीयांशाच्या वर जात नाहीत. पण टेबले आणि कपाटे पूर्ण संख्येतच असतात, तेव्हा त्यांची ही बेरीजही पूर्णच असणार. म्हणजे ती सातच्या वर जाऊच शकत नाही! ही नवी अट आलेखावर रेषा म्हणून ओढली, की अपूर्णांकाचा कोपरा कापला जातो आणि एकही पूर्णांकी उत्तर कापले जात नाही. नवा कोपरा येतो तीन टेबले आणि दोन कपाटांवर. नफा एकोणीसशे, आणि याहून जास्त शक्य नाही याची हमी. या कापणाऱ्या रेषेला, आणि दोनाहून अधिक वस्तू असल्या तर प्रतलाला, 'कटिंग प्लेन' म्हणतात.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग डँट्झिग यांनीच केला. १९५२ मध्ये ते रँड या संस्थेत गेले. तिथे रे फुल्कर्सन आणि सेल्मर जॉन्सन या सहकाऱ्यांबरोबर १९५४ साली त्यांनी फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेच्या तेव्हाच्या ४८ राज्यांतले एकेक शहर आणि राजधानी वॉशिंग्टन, अशी ४९ शहरे एकदाच फिरून घरी यायचे, तर सर्वांत जवळचा मार्ग कोणता? शक्य मार्गांची संख्या ६१ अंकी आहे. रस्त्यांची अंतरे त्यांनी नकाशांच्या पुस्तकातून घेतली. गणित सोडवले, की उत्तरात मधूनच चारपाच शहरांची वेगळी वर्तुळे पडत. विक्रेता तिथल्या तिथेच घिरट्या घालत राही. मग व्हिनेगरचे केले तेच यांनी केले. या चार शहरांच्या गटातून बाहेर निदान दोन रस्ते गेलेच पाहिजेत, अशी नवी अट घातली आणि ते उत्तर कापून टाकले. पुन्हा हिशेब, पुन्हा नवी अट. हे सारे कागदावर, हाताने! शेवटी १२,३४५ मैलांचा मार्ग निघाला आणि त्याहून जवळचा मार्ग नाही हे सिद्ध झाले.

अशा अटी प्रत्येक वेळी डोके चालवून शोधाव्या लागत. १९५८ साली राल्फ गोमोरी या तरुण गणितज्ञाने त्या ठरावीक नियमाने काढत जाण्याची पद्धत दिली. सुताराच्या उदाहरणात आपण वापरली ती युक्ती त्याच कुळातली. अनेक वर्षे ही पद्धत व्यवहारात कुचकामी समजली जात होती. १९९० च्या दशकात तिचा पुन्हा शोध लागल्यासारखे झाले आणि आज या प्रकारच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती असते. २००६ साली ८५,९०० ठिकाणांचा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न याच कापण्याच्या वाटेने सोडवला गेला.

जग सरळ नाही

१९४८ साली विस्कॉन्सिनमधल्या एका अर्थशास्त्र परिषदेत तरुण डँट्झिग यांनी आपली पद्धत मांडली. व्याख्यान संपल्यावर हॅरल्ड हॉटेलिंग हे मोठे विद्वान उठले आणि जग काही सरळ रेषेत चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, एवढेच म्हणून खाली बसले. डँट्झिग गोंधळले. तेव्हा फॉन नॉयमन मदतीला धावले. वक्त्याने आपली गृहीतके स्पष्ट सांगितली आहेत, ज्याला ती लागू पडतात त्याने पद्धत वापरावी, न पडल्यास वापरू नये, असे त्यांनी शांतपणे सुनावले.

पण हॉटेलिंग यांच्या म्हणण्यात तथ्य होते. रँडमध्येच डँट्झिग यांच्या सहवासात आलेल्या हॅरी मार्कोविट्झ यांना गुंतवणुकीतली जोखीम मोजायची होती. दोन शेअर एकाच वेळी पडले तर नुकसान वाढते. म्हणून जोखमीच्या सूत्रात एका रकमेचा दुसरीशी गुणाकार येतो, वर्ग येतात आणि सरळ रेषेची वक्ररेषा होते. वीज केंद्राचेही तसेच. एखादा संच चालू ठेवायचा की बंद, हा होय-नाहीचा, म्हणजे पूर्णांकाचा प्रश्न. चालू असेल तर किती वीज काढायची, हा अपूर्णांकाचा. आणि इंधनाचा खर्च विजेबरोबर वर्गाच्या हिशेबात वाढणारा. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की गणित फार चिवट होते. तिथेही हे कापणे कामी येते. वक्ररेषेला बाहेरून टेकणाऱ्या सरळ रेषा एकामागून एक ओढत जायच्या आणि प्रत्येक रेषेने नको असलेला भाग छाटत वक्राच्या जवळ जायचे. १९६० च्या सुमारास ही रीतही मांडली गेली. जग वाकडे असले, तरी पुरेशा सरळ रेषांनी त्याच्याजवळ जाता येते, हे हॉटेलिंग यांना मिळालेले खरे उत्तर म्हणायला हवे.

एक तृतीयांश

१९६० मध्ये डँट्झिग बर्कलेत प्राध्यापक झाले, १९६३ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि १९६६ पासून ते स्टॅनफर्डला स्थिरावले. आणि मग १९७५ चा ऑक्टोबर उजाडला. साधनांच्या सर्वोत्तम वाटपाच्या सिद्धांतासाठी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मानकरी दोघे होते, रशियाचे लिओनिद कँटोरोविच आणि अमेरिकेचे चालिंग कूपमन्स. डँट्झिग यांचे नाव त्यात नव्हते.

दोघांची योग्यता वादातीत होती. कँटोरोविच यांनी १९३९ सालीच प्लायवूड कारखान्याच्या निमित्ताने हेच प्रश्न मांडले होते, पण ते काम पश्चिमेकडे वीस वर्षे पोहोचलेच नाही. कूपमन्स यांनी त्यातले अर्थशास्त्र उलगडले आणि विषयाला 'लिनिअर प्रोग्रॅमिंग' हे नावही सुचवले. पण ज्याच्या पद्धतीने प्रश्न प्रत्यक्ष सुटू लागले, तोच वगळला गेला. त्यांचे काम गणिताचे ठरले, अर्थशास्त्राचे नाही, असे म्हणतात. आयुष्यभर ज्याने रेषा नेमक्या कोठे ओढायच्या ते शिकवले, त्याच्याच बाबतीत रेषा चुकीच्या जागी ओढली गेली.

सर्वांत अस्वस्थ झाले ते कूपमन्स.  पारितोषिकातल्या आपल्या वाट्यातले ४०,००० डॉलर त्यांनी ऑस्ट्रियातल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेला डँट्झिग यांच्या सन्मानार्थ देऊन टाकले. डँट्झिग नुकतेच त्या संस्थेत काम करून आले होते. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला या आकड्याचे मोल कळते.   समितीने न केलेली वाटणी त्यांनी आपल्या पाकिटातून केली.

डँट्झिग यांनी जाहीर तक्रार केली नाही. ते शिकवत राहिले. पूर्वी त्यांच्या बाबतीत याच्या उलटही घडले होते. फळ्यावरच्या दुसऱ्या गणिताचे उत्तर अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने पुढे स्वतंत्रपणे काढले. लेख छापायला गेलेला असताना हे काम डँट्झिग यांनी आधीच केले आहे, असे त्यांना कुणीतरी सांगितले. वाल्ड यांनी कसलीही घासाघीस न करता डँट्झिग यांचे नाव लेखक म्हणून जोडून टाकले. १९५१ साली तो लेख दोघांच्या नावे आला. समित्या चुकतात. माणसे कधीकधी ती चूक आपल्यापुरती दुरुस्त करतात.

१९८४ साली त्यांच्या पद्धतीला खरा प्रतिस्पर्धी भेटला. ग्वाल्हेरला जन्मलेल्या आणि पवईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, कडाकडांनी न फिरता तुकड्याच्या पोटातून थेट उत्तराकडे जाणारी रीत शोधली. मराठी नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. आता सिम्प्लेक्सचे दिवस भरले, असे तेव्हा अनेकांना वाटले. तसे झाले नाही. आज दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि कापत कापत पुढे जायचे असते तिथे जुनी सिम्प्लेक्सच अधिक सोयीची पडते. नवी अट आली, की ती पहिल्यापासून सुरुवात करत नाही. उभी आहे तिथूनच पुढे चालू लागते.

१३ मे २००५ रोजी स्टॅनफर्डमधल्या राहत्या घरी, नव्वदाव्या वर्षी, डँट्झिग यांचे निधन झाले. मधुमेह आणि हृदयविकाराने शरीर थकले होते. मागे अ‍ॅन आणि तीन मुले होती. लिहिणाऱ्या माणसाला त्यांच्या अखेरच्या वर्षांतली एक बाब विशेष भावते. उतारवयात हे गणितज्ञ एका विज्ञान कादंबरीत रमले होते. मुलाने लेखक व्हावे म्हणून आईवडिलांनी ज्याला बर्नार्ड शॉ यांचे नाव दिले, त्याने आयुष्यभर जगाचे हिशेब सोडवले आणि वेळ मिळताच कथा लिहायला घेतली. त्या वर्गात पोहोचले होते तसेच, याही वर्गात ते जरा उशिराच पोहोचले.